घाटात गाडीचा पिकअप अचानक का जातो? इंजिनात बिघाड की ईएससीचं काम? जाणून घ्या

अहिल्यानगर : ऊसतोड सुरू झाली की शेतातून निघणारे ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चिखल आणतात. त्यावर अवकाळीची एखादी सर पडली की रस्ता निसरडा झालाच म्हणून समजा. अशा वळणावर नवी कार घातली आणि एक्सलेटर दाबला, तर कधी कधी गाडी पिकअपच घेत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो, खालून करकर आवाज येतो. इंजिन गेलं की काय, असं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक वेळा तो बिघाड नसतो. गाडीतली ईएससी यंत्रणा त्या क्षणी गाडी सावरत असते.

ईएससी म्हणजे काय?

ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. काही कंपन्या तिला ईएसपी म्हणतात. चारही चाकांचा वेग, स्टेअरिंग किती वळवलं आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, हे सेन्सर सतत मोजतात. या दोन्हींत फरक पडला, म्हणजे गाडी घसरू लागली, की यंत्रणा दोन कामं करते. ड्रायव्हरने ब्रेक दाबला नसला तरी गरजेच्या चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनची ताकद कमी करते.

बैलगाडी वळवताना आतल्या बैलाला आवरलं की गाडी त्या बाजूला वळते. इथंही तसंच आहे. डाव्या वळणावर गाडीचं तोंड वळायचं सोडून सरळच जाऊ लागलं, तर मुख्यतः डाव्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो. मागची बाजू बाहेर फेकली जाऊ लागली, तर उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाला.

एबीएस आणि ईएससी एकच नाही. एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही. ईएससी ब्रेकवर पाय नसतानाही काम करते.

मग ताकद कुठं जाते?

निसरड्यावर जास्त ताकद दिली तर चाक जागेवर फिरतं आणि पकड सुटते. म्हणून एक्सलेटर दाबलेला असला तरी यंत्रणा इंजिनला तेवढी ताकद देऊ देत नाही. पकड आली की ताकद परत मिळते. इंजिनचा एचपी कायमचा कमी होत नाही. कोरड्या, सरळ रस्त्यावर तर फरकच जाणवत नाही.

मात्र एक धोका ध्यानात ठेवा. ओल्या वळणावर ओव्हरटेक करताना ऐनवेळी पिकअप मिळेलच असं नाही. करंजी, इमामपूर किंवा चंदनापुरी घाटात त्या भरवशावर गाडी बाहेर काढू नका.

दिवा काय सांगतो?

- गाडी सुरू करताना काही सेकंद पेटून विझला : सगळं ठीक.
- चालताना लुकलुकला : गाडी घसरत होती. एक्सलेटरवरचा पाय हलका करा, वेग कमी ठेवा.
- कायम पेटून राहिला : यंत्रणा बंद आहे किंवा बिघाड आहे. आधी ऑफचं बटण दाबलं गेलंय का ते पाहा. नसेल तर हळू चालवत गॅरेजला दाखवा.
- सोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला : गाडी सुरक्षित जागी थांबवा.

बटण कधी बंद करावं?

गाडी शेतात चिखलात रुतली, तर बाहेर निघायला चाक थोडं फिरावं लागतं. यंत्रणा ताकद कापते, म्हणून गाडी जागची हलत नाही. तेवढ्यापुरतं बटण बंद करा. काही गाड्यांत ते काही सेकंद दाबून धरावं लागतं. डांबरीवर आलं की लगेच पुन्हा चालू करा. 'पिकअप चांगला मिळतो' म्हणून कायम बंद ठेवणं जिवावर बेतू शकतं.

गाडी घेताना

ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या गाडीत आली. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास कार उलटली, त्यानंतर कंपनीने त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांत ईएसपी दिलं. युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची आहे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत तीन किंवा जास्त स्टार मिळवायला ईएससी लागते. म्हणून शोरूममध्ये एअरबॅग किती हे विचारताना, आपण घेतोय त्याच मॉडेलमध्ये ईएससी आहे का, हेही विचारा. जुनी गाडी घेताना दिवा पेटून विझतो का, ते पाहा.

टायर घासले तर उपयोग नाही

ईएससी रस्त्यावर नसलेली पकड आणू शकत नाही. टायर गुळगुळीत असतील तर तिचाही इलाज चालत नाही. चारही टायर कंपनीने सांगितलेल्या मापाचेच ठेवा, नाहीतर सेन्सरचा हिशोब चुकतो. आणि वेग ४० वरून ८० केला की त्याच वळणावर गाडीला बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. तिथं कुठलंच बटण कामाला येत नाही, वळणाआधी कमी केलेला वेगच कामाला येतो.