नॅनो-इलेक्ट्रोस्प्रे टोकांवरील विद्युतवाहक लेप

द्रावणातील रेणू आयनरूपात मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडण्यासाठी काचेची किंवा सिलिकाची, ओढून निमुळती केलेली केशनळी वापरतात. हायडेलबर्ग येथे मथियास विल्म व मथियास मान यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास विकसित केलेल्या नॅनो-इलेक्ट्रोस्प्रेत टोकाचे छिद्र १ ते ३ मायक्रोमीटर होते आणि मिनिटाला सुमारे २० नॅनोलिटर द्राव बाहेर पडे. काच वीज वाहत नाही, म्हणून त्यांनी टोकावर सोन्याचा पातळ थर चढवला. पुढे ग्रॅफाइट, तसेच पॉलिॲनिलीन हा वाहक बहुवारिकही वापरात आला. या लेपांची तुलना वाहकतेवरून करणे दिशाभूल करणारे आहे. फवाऱ्यातून वाहणारी वीज १०० नॅनोअँपिअर धरली, तर लेपाचा रोध १० लाख ओहम असूनही फक्त ०.१ व्होल्ट खर्ची पडतो. फवारा उडवण्यासाठी लावलेला विद्युतदाब मात्र हजार व्होल्टच्या आसपास असतो. या कामापुरते सोने आणि ग्रॅफाइट सारखेच.

खरी कसोटी लागते ती लेप आणि द्राव यांच्या सीमेवर. इलेक्ट्रोस्प्रे हा विद्युत-अपघटनी घट आहे, हे केबार्ले यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवले. धन आयन फवारताना टोकाशी पाण्याचे ऑक्सिडीकरण होऊन ऑक्सिजन सुटतो. सोने गुळगुळीत सिलिकाला मुळात घट्ट चिकटत नाही; वायूचे बुडबुडे आणि अधूनमधून होणारे विद्युत-विसर्जन त्याचे पापुद्रे काढतात. सोने तर निष्क्रिय धातू, मग ते टिकत का नाही, या शंकेचे उत्तर इथेच आहे: बहुधा आधी हरते ती धातूची पकड. म्हणूनच सुधारणांचा रोखही पकडीवर राहिला. कोणी गंधकयुक्त सिलेनने सोने काचेला बांधले, तर व्हालास्कोविक आणि मॅक्लॅफर्टी यांनी १९९६ मध्ये सोन्यावर सिलिकॉन ऑक्साइडचे कवच चढवले. पॉलिइमाइडमध्ये ग्रॅफाइटची भुकटी मिसळून केलेला लेप स्वस्त आणि चिवट ठरतो, कारण त्यात वाहक कण चिकट बहुवारिकातच रुतलेले असतात. पॉलिॲनिलीनही टिकाऊ आहे, पण त्याची वाहकता आम्लयुक्त रूपावर अवलंबून असल्याने अल्कधर्मी द्रावणात ते भरवशाचे नाही.

एकदा वापरून टाकायच्या टोकासाठी इतका खटाटोप कशाला, असा आक्षेप रास्त आहे. १ मायक्रोलिटर नमुना ५० मिनिटे पुरतो आणि तेवढा वेळ साधा सोनेरी थरही अनेकदा निभावतो. अशा कामाला तोच घ्यावा. केशनळी विद्युतसंचारणाला जोडलेले टोक मात्र दिवसेंदिवस चालावे लागते. तिथे नळीत तार घालण्याचा पर्याय सुचवला जातो, पण तारेवर निघणारे बुडबुडे अरुंद वाटेतच अडकून प्रवाह तोडू शकतात. बाहेरच्या लेपावर हेच अपघटन टोकाच्या काठाशी होते आणि वायूला निसटायला वाट मिळते.