खुराडे आधी की सोसायटी?

तळोज्याच्या नव्या इमारतीत घर घेणारा माणूस मेट्रो, पाणी आणि पार्किंगची चौकशी करतो. शेजारच्या गावठाणात कोंबडे किती, हे कोणी विचारत नाही. ते पहिल्याच पहाटे कळते.

कोंबडे तिथे आधीपासून होते. पनवेल-उरण पट्ट्यातील आगरी, कोळी, कराडी घरांत भातशेती आणि परसातले खुराडे ही एकाच संसाराची दोन अंगे. मळणीत सांडलेला दाणा, घरातले खरकटे, उकिरड्यातले किडे यांवर कोंबडी पोसली जाई. अंडी बहुधा घरच्या बाईच्या हातखर्चाची. कोंबडा देवीच्या मानाचा, नाहीतर अवचित आलेल्या पाहुण्याचा.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेते गेली, गावठाणे राहिली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. पण भूखंड हाती पडेपर्यंत कुटुंबे वाढली आणि गावठाणाची हद्द त्या मानाने वाढली नाही. मुलांची घरे उठली ती परसात आणि आसपासच्या मोकळ्या जागेत. त्यांनाच 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. ती घरे नियमित करण्यावर मोर्चे निघाले, शासन निर्णय झाले. त्यांच्याखाली परस गेले, याची नोंद मात्र कोणी घेतली नाही. परस गेल्यावर कोंबडी गल्लीत आली, आणि गल्लीच्या टोकाला तोवर सोसायटीचे फाटक आले होते. आजच्या भांडणाचे मूळ मला इथे दिसते. कोंबड्याच्या गळ्यात नव्हे.

'आम्ही आधीचे' हा गावकऱ्यांचा युक्तिवाद माणुसकीला धरून आहे, पण कायद्यात तो टिकत नाही. इंग्लंडमध्ये १८७९ साली एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्याविरुद्ध शेजारी डॉक्टर कोर्टात गेला. खलबत्ता वर्षानुवर्षे चालू होता. तपासणीची खोली डॉक्टरने मागाहून बांधली होती. तरी निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. उपद्रवाचा आपला कायदा याच घराण्यातला. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील कलम ३८४ मध्ये डुकराचे नाव आहे, कोंबडीचे नाही. पण शेजाऱ्याला उपद्रव होईल असे कोणतेही जनावर पाळणे त्यात येते. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली आणि पूर्वी सरपंचाच्या ओटीवर मिटणारी कुरबुर आता लेखी अर्ज होऊ शकते.

अर्ज होतातही. मे २०१९ मध्ये पुण्याच्या सोमवार पेठेतील एका कोंबड्याच्या आरवण्याची तक्रार समर्थ पोलीस ठाण्यात पोहोचली आणि लोकांना हसू आले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरच्या मोरीस नावाच्या कोंबड्यावर सुट्टीपुरते येणाऱ्या शेजाऱ्यांनी खटला भरला. सप्टेंबरमध्ये कोर्टाने तो फेटाळला आणि जानेवारी २०२१ मध्ये ग्रामीण आवाज-वासांना वारसा मानणारा कायदाही तिथे झाला. आपल्याकडे गावठाणाचा वारसा म्हणजे फार तर देऊळ आणि तळे.

झोपमोडीच्या तक्रारीपेक्षा रोगाची भीती वजनदार, आणि ती खोटी नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशात प्रथम बर्ड फ्लू आढळला तो व्यापारी पोल्ट्रीत. महिन्याभरातच जळगाव जिल्ह्यातील गावांत परसातल्या कोंबड्यांत. जानेवारी २०२५ मध्ये तो पनवेलच्या शेजारी, उरण तालुक्यातील चिरनेरला आला आणि गावातल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. खुराडे बंदिस्त असावे, विष्ठा उचलली जावी, मेलेला पक्षी लगेच कळवावा, एवढे मागण्याचा हक्क सोसायटीला आहे. पण बंदिस्त खुराड्याला जागा लागते, आणि तीच तर गेली.

या वसाहतींतल्या कित्येक इमारती साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. जमीनमालकाच्या वाट्याच्या सदनिकांत त्याच गावची कुटुंबे राहतात. काहींचे थोरले घर अजून गावठाणात आहे, आणि कोंबड्या तिथेच.