लॅटिनच्या वर्गाचं दार



ग्रामसभेत आपण किती वेळा ऐकतो, 'कोरम नाही, सभा तहकूब.' बचत गटाच्या बैठकीची सूचना निघते, तिच्यावर 'अजेंडा' लिहिलेला असतो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीपुढे 'बी.डी.' असतं, आपल्या आशाताई लगेच सांगतात, दिवसातून दोन वेळा. 'टी.डी.एस.' असेल तर तीन वेळा. कोरम, अजेंडा, बी.डी., टी.डी.एस. हे सगळे शब्द मूळचे इंग्रजीही नाहीत. ते लॅटिन आहेत.

लॅटिन ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमची भाषा. आज ती घरात कुणी बोलत नाही. पण आपल्या संस्कृतचं आणि तिचं जुनं नातं आहे. आपण सप्त म्हणतो, लॅटिनमध्ये सेप्तेम. अष्टला ओक्तो, नवला नोवेम, दशला देकेम. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही नावं त्यातूनच आली. रोमच्या जुन्या पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर सातवा होता.

रोमचं राज्य गेलं तरी भाषा राहिली. युरोपात कायदा, वैद्यक आणि धर्म यांची पुस्तकं शेकडो वर्षं लॅटिनमध्येच लिहिली गेली. त्यामुळे ज्याला लॅटिन येतं तो शिकलेला, असं ठरलं. वकील, डॉक्टर, पाद्री व्हायचं तर आधी लॅटिन हवं. जशी आपल्याकडे संस्कृत विद्या काही घरांतल्या पुरुषांच्याच हाती राहिली, तशी तिकडे लॅटिन विद्या मुलग्यांच्या हाती राहिली. आजची गोष्ट आहे ती अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या बायकांनी हे दार कसं ठोठावलं याची.

बॉस्टनला गावाच्या पैशातून चालणारी एक शाळा होती, बॉस्टन लॅटिन स्कूल. स्थापना १६३५ सालची, म्हणजे आपल्याकडे शिवरायांचं वय पाच वर्षांचं होतं तेव्हाची. पुढच्या वर्षी, १६३६ मध्ये, तिथल्या हार्वर्ड कॉलेजची स्थापना झाली. मुलगा या शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकायचा आणि कॉलेजात जायचा. फक्त मुलगा. शाळा चालायची गावाच्या करावर, आणि कर तर मुलींचे आईबापही भरत होते.

मुलींसाठी शहरात वेगळं हायस्कूल निघालं, पण ते मुख्यतः शिक्षिका तयार करण्यासाठी. तिथे कॉलेजच्या प्रवेशाला पुरेल इतकी लॅटिन-ग्रीकची तयारी होत नव्हती. तोवर कॉलेजांची दारं उघडू लागली होती. बॉस्टन विद्यापीठ मुलींना घेऊ लागलं होतं. १८७५ मध्ये स्मिथ आणि वेलस्ली ही मुलींची दोन कॉलेजं सुरू झाली. स्मिथ कॉलेजनं तर पहिल्या दिवसापासून सांगितलं, मुलग्यांच्या कॉलेजला जी प्रवेशपरीक्षा, तीच आमची. लॅटिन हवं, ग्रीकही हवं.

आता बघा, कॉलेजचं दार उघडं आहे, पण तिथपर्यंत जाणारी पायरीच गावात नाही. श्रीमंत बाप घरी मास्तर ठेवेल. बाकीच्यांच्या मुलींनी काय करायचं?

एमिली टॅलबट नावाची एक आई होती. तिची मुलगी मॅरियन हुशार, पण लॅटिन-ग्रीकची तयारी कमी पडल्यामुळे विद्यापीठात प्रवेश घेताना तिला अडचण आली. एमिलीबाईंच्या लक्षात आलं, की हा काही आपल्या एकट्या मुलीचा प्रश्न नाही. शहरात स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी काम करणारी एक संस्था होती. त्या मंडळींनी मिळून १८७७ च्या सप्टेंबरात शाळा समितीपुढे अर्ज ठेवला. त्यावर सुमारे हजार सह्या होत्या. मागणी साधी होती, लॅटिन स्कूलमध्ये मुलींनाही घ्या.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बॉस्टनमध्ये बायकांना तेव्हा मतदानाचा हक्क नव्हता. पण शाळा समितीवर बाई निवडून येऊ शकेल, असा कायदा १८७४ मध्ये झाला होता आणि काही बायका समितीवर गेल्याही होत्या. शाळा समितीसाठी मत देण्याचा हक्क तिथल्या बायकांना मिळाला तो नंतर, १८७९ मध्ये.

विरोध झालाच. जुन्या शाळेतून शिकून मोठ्या झालेल्या पुरुषांना मुली वर्गात नको होत्या. शिवाय हवाच तशी होती. १८७३ मध्ये एडवर्ड क्लार्क नावाच्या बॉस्टनच्याच डॉक्टरांनी एक पुस्तक लिहिलं होतं. वयात येताना मुलीनं मुलग्यासारखा डोक्याला ताण देऊन अभ्यास केला, तर तिचं गर्भाशय नीट वाढणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक खूप खपलं. घराघरात आया घाबरल्या. डॉक्टरच सांगतात म्हटल्यावर कोण धजणार?

समितीनं मधला मार्ग काढला. मुलग्यांच्या शाळेत मुली नकोत, पण मुलींसाठी वेगळी लॅटिन शाळा काढू. १२ फेब्रुवारी १८७८ रोजी 'गर्ल्स लॅटिन स्कूल' सुरू झालं. स्वतःची इमारत नव्हती, मुलींच्या हायस्कूलच्या इमारतीतच वर्ग भरू लागले. जॉन टेटलो हे पहिले मुख्याध्यापक. मुलींना कॉलेजसाठी तयार करणारी, सार्वजनिक खर्चानं चालणारी ही अमेरिकेतली पहिली शाळा मानली जाते.

वर्गात काय अपेक्षा होती? मुलग्यांकडून जी होती, तीच. आपल्या मराठीत जशा विभक्ती, तशा लॅटिनमध्येही विभक्ती असतात, सहा. 'पुएल्ला' म्हणजे मुलगी. 'पुएल्लाम' म्हणजे मुलीला. 'पुएल्लारुम' म्हणजे मुलींचा. नामांचे पाच गट, प्रत्येकाचे प्रत्यय वेगळे. क्रियापदांची रूपं त्याहून जास्त. त्या काळी लॅटिनच्या वर्गात हे सगळं तोंडपाठ करावं लागे. मग सीझरच्या लढायांचं वर्णन, सिसेरोची भाषणं, व्हर्जिलचं महाकाव्य. एकेक ओळ सोडवायची, कर्ता कुठला, कर्म कुठलं ते सांगायचं, अर्थ स्वतः लावायचा. अंदाजानं बोललेलं चालत नाही, प्रत्यय चुकला की अर्थच फिरतो.

ही समान अपेक्षा फार मोलाची होती. मुलींसाठी सोपं पुस्तक, कमी धडे अशी सवलत दिली असती, तर शाळा नावाला चालली असती आणि कॉलेजच्या परीक्षेत मुली अडकल्या असत्या. मग सगळे म्हणाले असते, बघा, यांना जमतच नाही.

१८८० मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. मुली किती? सहा. त्यांतल्या बहुतेक जणी स्मिथ कॉलेजला गेल्या. त्या सहा जणींतली एक मुलगी जन्मानं आपल्याकडची, म्हणजे तमिळनाडूतल्या मदुराईची. नाव व्हिडा स्कडर, जन्म १८६१. वडील मिशनरी. ती जेमतेम वर्षाची असताना वडील बुडून वारले आणि आई तिला घेऊन बॉस्टनला परतली. ही व्हिडा पुढे इंग्लंडला ऑक्सफर्डमध्ये शिकून आली, वेलस्ली कॉलेजात अनेक वर्षं प्राध्यापक झाली. गरीब वस्तीत बायकांसाठी केंद्र काढायला तिनं हात दिला. १९१२ मध्ये लॉरेन्स गावच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांनी मजुरीसाठी संप केला, त्यांत बायका पुष्कळ होत्या. तेव्हा ही प्राध्यापक बाई त्यांच्या बाजूनं उभी राहून बोलली.

आणि त्या डॉक्टरांच्या पुस्तकाचं काय झालं? एमिलीबाईंची मॅरियन १८८० मध्ये पदवीधर झाली. तिनं आणि इतर पदवीधर बायकांनी मिळून संघटना काढली. त्यांनी भाषणं देत बसण्यापेक्षा चौकशी केली. कॉलेजात शिकलेल्या बायकांना प्रश्नावली पाठवली, तुमची तब्येत कशी आहे? ७०५ जणींची उत्तरं आली. १८८५ च्या अहवालात दिसलं, की बहुतेक जणी चांगल्या धडधाकट आहेत. भीतीला उत्तर आकड्यानं दिलं.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १८८४ मध्ये पुण्याला मुलींचं हायस्कूल निघालं, तेच आपलं हुजूरपागा. मुलींना मुलग्यांसारखा दिवसभराचा अभ्यास कशाला, अशी टीका 'केसरी'तून झाली. शब्द वेगळे, पण धाक तोच. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. त्यांच्या कामाला मदत करण्यासाठी १८८७ मध्ये बॉस्टनलाच रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि त्या मदतीतून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उभं राहिलं.

आता गोष्टीचा दुसरा भाग. वेगळी शाळा मिळाली, मुली शिकल्या, सगळं छान झालं असं वाटतं. पण वेगळं देताना कमी दिलेलं असतं, ते कधी कधी फार उशिरा कळतं. पुढे दोन्ही शाळांना एकच प्रवेशपरीक्षा झाली, २०० गुणांची. मुलग्यांच्या इमारतीत जागा सुमारे ३०००, मुलींच्या इमारतीत सुमारे १५००. जागा निम्म्या म्हणून १९७० च्या परीक्षेत मुलग्याला प्रवेश मिळाला १२० गुणांना आणि मुलीला लागले १३३. म्हणजे १२५ गुणांचा मुलगा आत, १२५ गुणांची मुलगी बाहेर. काही मुलींच्या वतीनं प्रकरण न्यायालयात गेलं. इमारत लहान हे कारण न्यायालयानं मानलं नाही. मुलींना एक माप आणि मुलग्यांना दुसरं, हा अन्याय आहे, असा निकाल १९७२ मध्ये लागला. त्याच वर्षी १६३५ च्या त्या शाळेत पहिल्यांदा मुली गेल्या. ३३७ वर्षांनी. मुलींच्या शाळेतही मुलगे आले आणि तिचं नाव बदलून बॉस्टन लॅटिन अकॅडमी झालं.

मैत्रिणींनो, आपल्या मुलींना आज लॅटिन नको आहे. पण प्रत्येक काळात एखादा विषय असा असतो, जो पुढच्या दाराची किल्ली असतो. आज तो गणित असेल, विज्ञान असेल, इंग्रजी असेल. दहावीनंतर जवळच्या कॉलेजात फक्त कला शाखा आहे आणि शास्त्र शाखा तालुक्याला, एसटी संध्याकाळची नाही, म्हणून मुलगी कला शाखेला बसते. मग आपण म्हणतो, तिला तेच आवडतं. तालुक्याच्या वसतिगृहात मुलग्यांसाठी जागा किती आणि मुलींसाठी किती, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं आहे?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आपल्या हाती एक गोष्ट दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. बॉस्टनच्या बायकांना समितीसाठी मतही नव्हतं, तरी त्या हजार सह्या घेऊन गेल्या. आपली तर खुर्चीच आहे तिथे. तेव्हा नुसती सही करून परत येऊ नका. कुठला विषय शिकवायला शिक्षक नाही ते विचारा. आठवीनंतर आपल्या गावच्या मुली कुठे गेल्या, त्याची यादी मागा. आणि मुलींसाठी वेगळं काही देऊ केलं, तर ते जरूर घ्या, पण मोजून घ्या.

पुढच्या बैठकीत अजेंड्यावर हा एक विषय घ्या. कोरम तुम्हीच आहात. पुन्हा भेटू, नमस्कार.