मान, सनद आणि दाखला

परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिली बैलजोडी कोणाची जायची, हे सहसा आधीच ठरलेले असते. होळी कोणी पेटवायची, पालखीला खांदा कोणी द्यायचा, यालाही परंपरेने चालत आलेले मानकरी असतात. हा ‘मान’ मिळवावा लागत नाही. तो घराण्याबरोबर येतो. गावासाठी काही केले म्हणून गावाने एखाद्याला पुढे बोलावणे, ही गोष्ट याहून वेगळी. तिला आपण ‘सन्मान’ म्हणतो. शाल, श्रीफळ, फेटा आणि मानपत्र या रूपात तो आता इतका परिचयाचा झाला आहे की, त्यालाही इतिहास आहे हे आपण विसरतो. परभणीच्या अंगाने तो इतिहास पाहिला, तर सेवेची नोंद कोणी ठेवायची आणि कोणत्या पुराव्यावर, हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

सेवेची नोंद दगडावर करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. गुरे किंवा गाव राखताना पडलेल्या वीराचा वीरगळ वेशीजवळ उभा राही. बहुतेक वीरगळांवर नाव नसते; ढाल-तलवार घेतलेला माणूस, पायाशी गुरे आणि वर स्वर्गारोहण, एवढेच कोरलेले असते. गावाला गोष्ट ठाऊक असे, म्हणून नावाची गरज वाटली नसावी. दानाची नोंद मात्र नावानिशी होई. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ म्हणून ओळखला जाणारा शिलालेख शके 1195 ते 1199 या काळातला, म्हणजे रामचंद्रदेव यादवाच्या राजवटीतला. त्यात देणगीदारांची नावे आणि त्यांनी दिलेल्या रकमा ओळीने आल्या आहेत. आजही देवळातल्या पंख्याच्या पात्यावर किंवा शाळेच्या भिंतीवरच्या फरशीवर देणाऱ्याचे नाव रंगवलेले दिसते, ते याच रीतीला धरून. फरक इतकाच की, पैसा देणाऱ्याचे नाव फरशीवर येते आणि ती भिंत श्रमदानातून उभी करणाऱ्यांचे येत नाही.

पुढे नोंदीचे काम राज्यसत्तेने आपल्याकडे घेतले. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही वतने मुळात कामाचा मोबदला होती. पिढ्या सरल्या तसे काम मागे पडत गेले आणि मान राहिला. निजामाच्या राज्यात जहागिरी, इनामे आणि ‘जंग’, ‘दौला’, ‘मुल्क’ असे किताब दरबारातून मिळत. त्यांच्या सनदा बहुधा फारसी-उर्दूत असत आणि सेवा मोजली जाई ती राज्यकर्त्याची. गावासाठी झिजलेल्या माणसाला या व्यवस्थेत जागा नव्हती. तरीही परभणीच्या मुलखाने सर्वांत मोठा मान दिला तो एका दासीला. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली. तिला ना वतन होते, ना सनद. तिचे नाव टिकले ते दळण-कांडण करणाऱ्या बायांच्या तोंडी आणि वारकऱ्यांच्या कीर्तनात.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली आणि मानाचे हे जुने चलन एकेक करून बाद होऊ लागले. 1949 मध्ये हैदराबाद राज्यातल्या जहागिरी रद्द झाल्या. 1950 मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या 18 व्या कलमाने लष्करी आणि शैक्षणिक सन्मान सोडून बाकी किताब देण्यास राज्याला मनाई केली. पद्म पुरस्कार 1954 मध्ये सुरू झाले. पण तेही किताब नव्हेत आणि नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला. तत्त्व स्पष्ट होते: नागरिकांत जन्माची उतरंड नको, कामाची ओळख मात्र हवी.

या तत्त्वाची परभणीसारख्या जिल्ह्यात खरी परीक्षा झाली ती मुक्तिसंग्रामाच्या बाबतीत. या लढ्याशी जिल्ह्याचे नाते जुने आहे. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 मध्ये परतूरला भरले. परतूर आज जालना जिल्ह्यात असले, तरी तेव्हा परभणीत होते. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. 1947-48 मध्ये कार्यकर्ते सरहद्दीपलीकडे, उमरखेडसारख्या ठिकाणी शिबिरे उभारून राहिले आणि रात्री-अपरात्री राज्यात उतरू लागले. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे रझाकारांविरुद्धच्या या लढ्यात हुतात्मा झाले. वसमतच्या लोकांनी त्यांच्या नावे महाविद्यालय काढले. वसमतही 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. शेतकरी घरातल्या तरुणाचे नाव महाविद्यालयाला लागणे, ही जुन्या ‘माना’पेक्षा अगदी निराळी गोष्ट होती.

सरकारी सन्मान आला तो 1972 मध्ये. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले आणि केंद्राची निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. सुरुवातीला वार्षिक उत्पन्न 5000 रुपयांच्या आत असणाऱ्यांनाच ते मिळे. म्हणजे ती मदत होती. 1980 मध्ये उत्पन्नाची अट गेली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द आला. पुढे हैदराबाद लढ्यातल्या सरहद्द शिबिरांत काम करणाऱ्यांनाही तिच्यात स्थान मिळाले.

सन्मानासाठी अट होती ती दाखल्याची. साधारण सहा महिन्यांचा तुरुंगवास लागे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिने पुरत. भूमिगत राहिलेल्याने आपल्यावर वॉरंट किंवा बक्षीस होते, हे दाखवायचे. कागद सापडला नाही, तर सहबंद्यांची किंवा दीर्घ कारावास भोगलेल्या नेत्यांची प्रमाणपत्रे चालत. अटी बेताच्या होत्या. पण ज्या राज्याने पकडले त्याचा कारभार उर्दूत चाले, ते राज्यच संपले होते आणि 1956 मध्ये जिल्हा मुंबई राज्यात गेला होता. चाळीस वर्षांनंतर अशा तुरुंगाचा कागद गावातल्या माणसाने कुठून काढायचा?

कागदाला पैसा जोडला गेला, तेव्हा उलट बाजूही दिसली. शेजारच्या बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे निघाली. न्या. पालकर यांच्याकडून चौकशी झाली आणि 2005 मध्ये वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. याआधी, 2001 मध्ये, याच न्यायालयाने गुरदयाल सिंग खटल्यात म्हटले होते की, या योजनेत फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नये. अट ढिली केली की खोटा आत येतो आणि आवळली की खरा बाहेर राहतो. या दोन निकालांच्या मधली वाट कोणत्याही परिपत्रकाला नीट सापडलेली नाही.

मला मात्र त्याहून मोठा तोटा दिसतो तो तिसऱ्याच लोकांचा, ज्यांनी कधी अर्जच केला नाही. भूमिगतांची चळवळ भाकरीवर चालली. रात्री दार उघडणारी बाई, निरोप पोचवणारा सालगडी, कडब्याच्या गंजीत माणूस लपवणारा शेतकरी आणि रझाकारांच्या काळात शेजाऱ्याला घरात घेणारे, मग ते हिंदू असोत वा मुसलमान, यांना तुरुंगवास घडला नाही. म्हणून सेवेच्या सरकारी व्याख्येत ते बसले नाहीत. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण त्या स्वतः लढ्यात उतरल्या. चुलीपाशी राहून तेच धोके पत्करणाऱ्या बायांची यादी कुठल्याही जिल्ह्याच्या दप्तरात नाही.

अलीकडे सन्मानाचा रोख गावाकडे वळला आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 मध्ये आणि तंटामुक्त गाव मोहीम 2007 मध्ये सुरू झाली. त्यांत बक्षीस व्यक्तीला नव्हे, तर गावाला मिळते. हे मला योग्य वाटते; गाव स्वच्छ होते ते सगळ्यांनी झाडल्यावरच. पण बक्षिसाचा फलक ग्रामपंचायतीवर लागतो आणि रोज पहाटे झाडणाऱ्यांची नावे पुन्हा मागेच राहतात.

1948 मध्ये वीस वर्षांचे असलेले लोक आज पंचाण्णवच्या पुढे आहेत. त्यांना आठवणारी मुले-सुनाही थकल्या आहेत. यात निवृत्तिवेतनाचा प्रश्न उरलेला नाही, म्हणून खोट्या दाव्याचे भयही फारसे नाही. ग्रामसभेने एक वही घालावी, कोणाच्या घरात कोण लपले आणि कोणी भाकरी नेली हे विचारून लिहावे, दोन वेगळ्या घरांनी दुजोरा दिला तर नाव पक्के करावे. दरवर्षी 17 सप्टेंबरला झेंडावंदन होतेच. त्यानंतर ती यादी मोठ्याने वाचायला दहा मिनिटे पुरतील.