तळटीप : ‘सोशल फॅसिस्ट’
* सोशल फॅसिस्ट : लेखकाने हे विशेषण इथे सहज वापरले आहे, त्याचा इतिहास मात्र भीषण आहे. १९२८ च्या सहाव्या अधिवेशनापासून कॉमिन्टर्नने (कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) सोशल डेमोक्रॅट पक्षांवर हा शिक्का मारायला सुरुवात केली. जर्मन कम्युनिस्टांनी तो इतका मनावर घेतला, की ऑगस्ट १९३१ मध्ये प्रशियाची विधानसभा बरखास्त करण्यासाठीच्या सार्वमतात ते नाझींच्याच बाजूने उभे राहिले. नोव्हेंबर १९३२ च्या जर्मन संसदेच्या निवडणुकीत नाझींना १९६ जागा मिळाल्या, सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट या दोन डाव्या पक्षांना मिळून २२१. तरीही एकजूट झाली नाही. (दोष एकट्या कम्युनिस्टांचा नव्हता, सोशल डेमोक्रॅट सरकारच्या काळात १९१९ मध्ये झालेली कम्युनिस्ट नेत्या रोझा लक्झेंबर्ग यांची हत्या ते विसरू शकत नव्हते.) कम्युनिस्ट नेते अर्न्स्ट थेलमान मार्च १९३३ मध्ये पकडले गेले आणि १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत मारले गेले. कॉमिन्टर्नने हे धोरण सोडले ते १९३५ मध्ये. — संपा.