पेटीमागचा माणूस : गोविंदराव टेंबे

संगीत नाटकांची जुनी पुस्तके मी गोष्टीसाठी वाचत नाही. पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून पुढे एखाद्या जुन्या पदाचे किंवा चिजेचे तोंड दिलेले असते, त्यासाठी वाचतो. ही चाल बहुधा नाटककारच निवडी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतला'त कीर्तनातल्या, कानडी वळणाच्या चाली घेतल्या. देवलांचीही रीत तीच. चाल देणे हे निराळे काम आहे, हे नाटक मंडळ्यांना उमगायला तीस वर्षे गेली.

त्या कामाचा माणूस पेटीमागे सापडला. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ करीत. साथीदाराला दुसऱ्याच्या गळ्यामागोमाग जावे लागते. माझ्या मते त्यांची खरी तालीम तीच. १९११ साली किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले, त्याच्या चाली टेंब्यांच्या. ठुमरी-दादऱ्याचे पूरबी वळण त्यांनी मराठी पदांत आणले आणि बालगंधर्वांच्या भामिनीने ते प्रेक्षकांच्या ओठी बसवले. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले मुंबईत एकत्र उभे राहिले, तेही याच नाटकात. त्या रात्रीविषयी आपण अजून दोन गळ्यांबद्दल बोलतो. दोघांनाही पुरून उरतील अशा चाली देणाऱ्याचे नाव क्वचितच निघते.

पुढे 'विद्याहरण', मग १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी. तिथून लवकरच बाहेर पडून स्वतःची शिवराज मंडळी. १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त तर संगीतही त्यांचे आणि हरिश्चंद्रही तेच. पार्श्वगायन यायचे होते. गाणाऱ्याला कॅमेऱ्यासमोरच गावे लागे.

या सगळ्यात मला एक विसंगती सतत खुणावते. पेटीचे सूर पट्ट्यांना बांधलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद जाणारी मींड तिच्यावर निघत नाही, आणि ठुमरीचा जीव तर मिंडेतच. म्हणजे टेंब्यांनी ज्या वाद्यावर नाव मिळवले, त्यावर त्यांच्याच चालींतली नजाकत पुरती उतरत नव्हती. चाल देताना ते बोटांपेक्षा कानावर विसंबले असावेत, असे मला वाटते ते यामुळेच. पेटीवरचा हाच आक्षेप पुढे सरकारी झाला : १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले. १९५५ साली टेंबे गेले, तेव्हाही ते उघडलेले नव्हते.