तळटीप : लंडनचा यंत्रमानव

१. लंडनचा यंत्रमानव : हा ‘एरिक’. कॅप्टन विल्यम रिचर्ड्‌स आणि ॲलन रेफेल यांनी तो बनवला. सप्टेंबर १९२८ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल हॉलमधील मॉडेल इंजिनिअर्सच्या प्रदर्शनाचे उद्‌घाटन ड्यूक ऑफ यॉर्क करणार होते. ते येऊ न शकल्याने एरिकने उभे राहून, मान वळवून भाषण केले. अंग ॲल्युमिनियमचे, आत विद्युतचुंबक आणि तारांचे जाळे. बोलताना दातांमधून निळ्या ठिणग्या उडत. पाय मोटरच्या पेटीला जखडलेले असल्याने त्याला चालता येत नसे. छातीवर ‘आर. यू. आर.’ ही अक्षरे होती. कारेल चापेक यांच्या याच नावाच्या नाटकात कारखान्यात घडवलेले कामगार बंड करून मानवजात संपवतात. ब्रिटनमध्ये तेव्हा दहा लाखांहून अधिक लोक बेकार होते. त्यामुळे कष्टांतून सुटकेची आशा आणि पोटावर पाय येण्याची धास्ती अशा दोन्ही भावना या यंत्राभोवती गोळा झाल्या. प्रत्यक्षात एरिक कारखान्यातले एकही काम करू शकत नव्हता. माणसांचा रोजगार जात होता तो बिनचेहऱ्याच्या यंत्रांमुळे आणि मंदावलेल्या व्यापारामुळे. लेखकाचे विवेचन वाचताना हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. – संपादक